मधल्या मामांचे पासष्ट अंश

माझ्या मधल्या मामांनी आयुष्यात कुठल्याही गोष्टीवर तिचं तापमान स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात, मामा थर्मामीटर ठेवतात. डॉक्टरचा नव्हे, बर्फाच्या कारखान्यातला. लांबलचक काचेची नळी आणि तिला पितळी नळकांडं. रत्नागिरीच्या बंदराजवळ मासळीसाठी बर्फ बनवणारा एक कारखाना होता, तिथे मामांनी उमेदीची सगळी वर्षं मशीनवर घालवली. निवृत्त झाले त्या दिवशी मालकांनी शाल काढली तर मामा म्हणाले, "शाल नको साहेब, गरम होतंय. तो थर्मामीटर द्या." लग्न त्यांनी केलं नाही. कोणी विचारलं तर सांगतात, "मशीन बंद ठेवून वरात काढता येत नाय." निवृत्तीनंतर ते आमच्याकडे, म्हणजे बहिणीच्या घरी, पुढच्या पडवीत राहायला आले. शहरापासून एस.टी.नं अर्ध्या तासावर आमची वाडी. बाबा मुंबईला नोकरीत, घरात आई आणि मी. मामा आले आणि आमच्या घरात काय गरम आहे, काय गार आहे हे आम्ही ठरवायचं बंद झालं.

चहा ते सत्तावन्न अंशांना पितात. अठ्ठावन्नला नाही. कपात नळी बुडवून बघत बसतात, आणि आकडा उतरला की एका घोटात संपवतात. एकदा मला बघायला पाहुणे आले होते. मुलाच्या वडिलांनी कप तोंडाला लावला तेवढ्यात मामांनी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "थांबा, सत्तर हाय." ते स्थळ पुढे सरकलं नाही. आई आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही, मी मात्र मनातल्या मनात त्यांचे पाय धरले. विहारात कार्यक्रमाचं जेवण असलं की मामा टोपात नळी सोडतात. आमच्याकडचे स्वयंपाकी तोंडाचे फटकळ. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "मामा, वरणाला ताप आलाय काय? गोळी देऊ?" मामा शांतपणे म्हणाले, "ताप नाय, उतरलंय. परत चढव." बंदरावर बांगडा घ्यायला गेले की माशाचा कल्ला उघडून आत नळी. तिथली एक मासेवाली त्यांना गेली कित्येक वर्षं ओळखते. ती अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं विचारते, "मेल्या, बांगडा घेतोस की सून बघतोस?" पण मामांनी नळी बाहेर काढून मान हलवली की शेजारची चार गिऱ्हाईकं त्याच टोपलीतला बांगडा घेतात, हे तिलाही माहीत आहे.

या सगळ्याच्या मुळाशी कारखान्यातला एक नियम आहे. तिथे बर्फाचे साचे ज्यात बुडवतात त्या मिठाच्या पाण्याच्या टाकीचं तापमान दर तासाला बघून तक्त्यावर लिहायचं असायचं. मामा सांगतात, बऱ्याच ठिकाणी माणसं खुर्चीतून उठत नाहीत, पाळी संपताना अंदाजानं आठ आकडे एकदम भरून टाकतात. "असा तक्ता लगेच कळतो गो. उणे दहा, उणे दहा, उणे दहा. मशीन कधी सारखं राहत नाय. सारखा आकडा दिसला की समजायचं, मशीन चाललंय आणि माणूस बसलाय." मामांनी स्वतः असं कधी केलं नाही. एखादा तास चुकला तर जागा रिकामी ठेवायचे आणि बोलणी खायचे. न बघता आकडा लिहायचा नाही, हा त्यांचा एकच धर्म. घरी आल्यावर तक्ता राहिला नाही म्हणून त्यांनी आमचं भिंतीवरचं कॅलेंडर ताब्यात घेतलं. दुसऱ्यांच्या कॅलेंडरवर गॅसची टाकी कधी लावली ते लिहिलेलं असतं. आमच्या चौकटींत निळ्या शाईनं विहिरीचं पाणी, पडवीतली हवा आणि पत्र्याखालची न्हाणी. बारावीचा माझा निकाल मोबाईलवर आला, वाडीभर पेढे वाटून झाले, आणि मामा गप्प. विचारलं तर म्हणाले, "मार्कलिस्ट आली की बघू." ती आली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही बाजूंनी वाचली, मागची कोरी बाजूसुद्धा, आणि मग त्या दिवसाच्या चौकटीत विहिरीच्या पाण्याखाली माझे टक्के लिहिले. मग चौकात जाऊन जो भेटेल त्याला सांगत सुटले.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. आई चौथी शिकलेली, बाबा नववी, मामा सातवी. माझ्याआधी आमच्यातलं कोणी कॉलेजात गेलं असेल तर ते खिडक्यांना रंग मारायला. मी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. शेवटच्या वर्षाला बाबांनी मुंबईहून एक वापरलेला लॅपटॉप पाठवला. गाडीत आपटू नये म्हणून त्यांनी तो गोधडीत गुंडाळून दिला होता. मामांनी गोधडी सोडली, पाठीला हात लावला आणि म्हणाले, "ह्याला ताप हाय." मी म्हटलं, मामा, तो बंद आहे, उन्हातून आलाय. चालू केल्यावर मी त्यात एक छोटं सॉफ्टवेअर टाकलं. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसायला लागलं. बावन्न. मग चोपन्न. मग एकावन्न. मामा स्टूल ओढून बसले आणि त्या कोपऱ्याकडे बघतच राहिले. बऱ्याच वेळानं म्हणाले, "इतकी वर्षं मशीनच्या मागं लागून लागून विचारलं. हे पहिलं भेटलं जे आपणहून सांगतंय."

त्या दिवसापासून लॅपटॉप माझा नव्हता. मी तो वापरायचे, एवढंच. मामांनी माझ्याकडून कुठल्या भागाला किती तापमान चालतं ते मराठीत लिहून घेतलं आणि पाढ्यांसारखं पाठ केलं. प्रोसेसर काम करताना सत्तर ते पंच्याऐंशी, नव्वदच्या वर गेला की दमतो, मुद्दाम हळू चालतो, शंभरच्या आसपास स्वतःच बंद पडतो. हार्डडिस्क पन्नाशीच्या आत बरी. बॅटरी पस्तिसाच्या आत खूश, पंचेचाळीसच्या पुढे तिचं आयुष्य कमी होतं. चार्जिंगला लावायची तर हवा फार गारही नको. हे ऐकून मामांनी प्रत्येकाचा स्वभाव ठरवून टाकला. "प्रोसेसर म्हणजे घरातला कर्ता माणूस, तापला तरी कामाचा. हार्डडिस्क म्हणजे तुझी आई, पन्नाशी झाली की जपायचं. आणि बॅटरी म्हणजे म्हातारी. तिच्याजवळ शेगडी नेऊ नये." आई आतून म्हणाली, "भाऊ, मला अजून पन्नास नाय झाली." मामा म्हणाले, "म्हणून तर जपतोय."

मी लॅपटॉप गादीवर ठेवून काम करायचे. गादीवर खालची जाळी झाकली जाते, हवा आत जात नाही, आकडा अठ्ठ्याहत्तरला जायचा. मामांना ते बघवेना. एका सकाळी ते परड्यातून एक चिरा घेऊन आले. आमच्याकडची घरं ज्याची बांधतात तो तांबडा, भोकाभोकांचा जांभा दगड. छिन्नीनं त्यांनी तो वरून उतरता केला, मध्ये हवा जायला खोलगट चर पाडला, आणि विहिरीच्या पाण्यात भिजवून माझ्या टेबलावर ठेवला. "चिरा पाणी पितो आणि गार राहतो, मडक्यासारखा. कारखान्यात असा मिळाला असता तर एक मशीन कमी लागलं असतं." लॅपटॉप त्यावर ठेवला आणि खरंच आकडा एकाहत्तरवर उतरला. मामांच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी माझ्या पदवीदान समारंभालाच परत बघितलं. वाडीतले लोक चिरा बघायला येऊन गेले. दोघांनी तर आपल्या घरच्या टीव्हीखाली ठेवण्यासाठी विचारणा केली.

परीक्षा संपली आणि पुण्याच्या एका कंपनीतून मला बोलावणं आलं. खाद्यपदार्थ तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी होती. आधी लॅपटॉपवर दीड तासाची चाचणी, ती झाली की लगेच त्याच लॅपटॉपवर मुलाखत. मोबाईलवर चाचणी चालणार नाही असं त्यांनी स्पष्ट कळवलं होतं. आमच्या घरात पगाराच्या पत्रावर मुलीचं नाव कधी आलं नव्हतं. आईनं शेजारी कोणालाही सांगितलं नाही, यावरून तिनं किती मनाला लावून घेतलं होतं ते मला कळलं. मी रोज सराव करायला बसायचे, आणि मामा माझ्यामागे बसून आकडा लिहायचे. त्र्याहत्तर. शहात्तर. ब्याऐंशी. मे महिना आहे, चढणारच, असं मी म्हणायचे. मामा म्हणायचे, "चिरा वाळतोय." मग चिऱ्यावर जास्त पाणी. दिवसातून एकदा होतं ते तीनदा झालं. अठ्ठ्याऐंशी. एक्याण्णव. आणि चाचणीच्या आदल्या दिवशी सकाळी अकरा वाजता, सरावाच्या विसाव्या प्रश्नाला पडदा काळा झाला. मी मागे वळून बघितलं. मामा हातात पेन घेऊन तसेच बसले होते. "सत्त्याण्णव," ते म्हणाले. "त्याच्यापुढं बघायला मिळालं नाय."

साडेअकराच्या एस.टी.नं आम्ही दोघं शहरात गेलो. स्टँडसमोरच्या गाळ्यात एक माझ्याच वयाची मुलगी लॅपटॉप दुरुस्त करते. मामांनी खिशातून कॅलेंडरची दोन पानं काढून तिच्यापुढे ठेवली, पेशंटचे कागद ठेवावेत तशी. तिनं आधी स्क्रू काढले. खालचं झाकण उचललं आणि लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पंखा दिसत नव्हता. पंख्याच्या जागी तांबडं काहीतरी होतं, गेरूनं लिंपल्यासारखं. तिनं ब्रशची मागची बाजू लावली तर त्याची खपली निघाली.

"हे काय, कौलं भाजता काय ह्याच्यात?" ती म्हणाली. "तांबडी धूळ हाय, आणि ओली झालीय. कुठं ठेवता हा?"

मी काही सांगायच्या आत मामा म्हणाले, "चिऱ्यावर. भिजवून."

ती हसली नाही, हे तिचे माझ्यावर उपकार आहेत. म्हणाली, "काका, गादीवरनं उचलून कडक जागेवर ठेवलात ते बरोबरच केलंत. वरनं उतरता केलात तेही बरोबर. फक्त पंखा खालनं हवा ओढतो, आणि दगड पडला आपल्या रत्नागिरीचा. हात लावला तरी तांबडा होतो."

मामांनी ती दोन पानं परत उचलली. चष्मा लावला. एकेका चौकटीवर बोट ठेवत ते मनातल्या मनात वाचत गेले आणि एका तारखेवर थांबले. मग मला दाखवलं. तिथे एकाहत्तर होतं, आणि शेजारी बारीक अक्षरात 'चिरा'. त्यानंतर एकही आकडा उतरलेला नव्हता.

"बघ," ते म्हणाले. "सगळं हितं हाय. रोज बघितलं, रोज लिवलं. वाचलं नाय मी."

त्या मुलीनं पंखा धुतल्यासारखा साफ केला, प्रोसेसरची उष्णता ओढून नेणारी वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली आणि चार वाजता लॅपटॉप हातात दिला. चालू केला तर त्रेपन्न. मी मामांना म्हटलं, त्रेपन्न आहे, लिहा. त्यांनी पेन काढलं नाही. स्टँडवर आम्ही चहा घेतला, आणि तो त्यांनी नळी न बुडवता प्यायला. जीभ भाजली असणार. घरी गेल्यावर त्यांनी चिरा उचलला आणि परड्यात हंड्याखाली नेऊन ठेवला. आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, काही नाही, गरम होतंय.

दुसऱ्या दिवशी मी टेबलावर दोन लाकडी पट्ट्या ठेवल्या, त्यांवर लॅपटॉप, आणि दार लावून घ्यायला गेले तर मामा पडवीत भिंतीकडे तोंड करून बसलेले. एरवी अशा दिवशी ते पहाटेपासून माझ्या खुर्चीच्या मागे असते. मला राग आला. खरंच आला. एवढे दिवस मागे बसले आणि आज, जेव्हा मला पाहिजे तेव्हा, भिंतीकडे बघतायत. मी म्हटलं, "मामा, चाचणी चालू झाली की पडदा पूर्ण भरतो. कोपऱ्यातला आकडा मला दिसणार नाही. कोण बघणार?"

"मी बघून काय झालं ते बघितलंस नाय?"

"बघितलंत म्हणूनच कुठे चुकलं ते सापडलं. नसतं लिहिलं तर पंख्याला शिव्या घालत बसलो असतो. उठा."

ते उठले. खिशातली नळी काढली आणि टेबलाशेजारी खाली जमिनीवर बसले, कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून. लॅपटॉपच्या डाव्या बाजूनं गरम हवा बाहेर पडते, तिथे त्यांनी नळी धरली आणि दीड तास धरून ठेवली. चाचणी झाली. मी पास झाल्याचं दहा मिनिटांत कळलं आणि पडद्यावर मुलाखतीला एक मॅडम आणि एक सर आले. रसायनशास्त्राचं त्यांनी विचारलं, ते मला येत होतं. मग सरांनी विचारलं, "आमच्याकडे नमुन्यांच्या फ्रीजचं तापमान दर दोन तासांनी नोंदवावं लागतं. समजा, तुमची एक नोंद राहून गेली. काय कराल?"

मी म्हटलं, "जागा रिकामी ठेवीन."

"रिकामी जागा बघून वरचे लोक रागावतील."

"रागावू देत. न बघता आकडा लिहायचा नाही. एक खोटा लिहिला की बाकीच्या खऱ्यांना काही अर्थ राहत नाही."

मॅडमनी विचारलं, "हे कॉलेजात शिकवलं?"

"नाही. बर्फाच्या कारखान्यात."

तेवढ्यात मामांचा हात अवघडला असावा. त्यांनी नळी या हातातून त्या हातात घेतली, आणि पडद्यावर माझ्या खांद्यापाशी एक काळाभोर मनगट थर्मामीटर घेऊन उगवलं. सर पुढे वाकले. "हे कोण?"

लपवायचं काय त्यात? मी म्हटलं, "माझे मामा आहेत. तापमान बघतायत."

सर हसले आणि मोठ्यानं म्हणाले, "मामा, किती आहे?"

मामांनी खालूनच उत्तर दिलं. "पन्नास हाय साहेब. आत पंचाहत्तर धरा." मग नळीकडे परत बघितलं. "नाय, धरू नका. आतलं बघितलं नाय मी. पन्नास."

मॅडमनी ते समोरच्या कागदावर लिहून घेतलं. काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण आठवड्यानं पत्र आलं. मामांनी ते दोन्ही बाजूंनी वाचलं आणि चौकटीत लिहिलं.

पुण्याला मी दोन मैत्रिणींबरोबर खोली घेतली. नोकरी चांगली आहे. प्रयोगशाळेत मी दर दोन तासांनी उठून पाच फ्रीज बघते आणि जे दिसतं ते लिहिते. एकदा चुकलं, जागा रिकामी ठेवली आणि बोलणी खाल्ली. संध्याकाळी सातला मामांचा फोन येतो. बाकीच्यांचे मामा विचारतात, जेवलीस का. माझे विचारतात, "किती?" पहिले काही दिवस मी लॅपटॉप उघडून बघून सांगायचे. मग कधी बसमध्ये असायचे, कधी बाजारात, कधी नुसता कंटाळा. मी म्हणायला लागले, "पासष्ट." लॅपटॉप पिशवीत बंद असायचा. "पासष्ट मामा, एकदम छान." ते म्हणायचे, "बरं." फोन ठेवायचे. अर्ध्या मिनिटाचं काम.

पहिल्या मोठ्या सुट्टीला घरी गेले तेव्हा मामा विहिरीवर होते. मी पडवीत कॅलेंडरासमोर उभी राहिले. विहीर सव्वीस, सत्तावीस, सव्वीस. हवा एकतीस, एकोणतीस, तीस. सगळं निळ्या शाईत, अक्षर आता जरा हलणारं. आणि प्रत्येक चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीनं, पासष्ट. त्याच्या शेजारी पासष्ट. त्याच्या खाली पासष्ट. तीन महिन्यांची तीन पानं मी उलटली.

आई मागे येऊन उभी राहिली. म्हणाली, "मीपण विचारलं त्याला, रोज सारखाच आकडा कसा रे? तर म्हणतो, तिला काम असतं गो."

मामा कळशी घेऊन आले. मला बघून हात पुसले, माझ्या मनगटाला लावून बघितला आणि म्हणाले, "प्रवासानं तापलीस. बस." मी बसले. 

पुण्याला परत आल्यावर सातला फोन वाजला. "किती?" मी म्हटलं, थांबा. पिशवीतून लॅपटॉप काढला, चालू केला, पाच मिनिटं लागली. पलीकडे ते फोन धरून होते. मी म्हटलं, "अठ्ठेचाळीस."

मामा म्हणाले, "थंडी पडली काय तिकडं?"

मी खिडकीकडे बघितलं. समोरच्या वॉचमननं कानाला मफलर गुंडाळला होता. पडली होती की. चार दिवस झाले असतील, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. "हो मामा, पडली आहे."

"मग सांगतेस कुठं."

त्यानंतर अर्ध्या मिनिटात फोन ठेवणं जमलेलं नाही. आणि परवा पुन्हा घरी गेले तेव्हा कॅलेंडर बघितलं. त्या तारखेच्या कोपऱ्यात अठ्ठेचाळीस होतं. ते मामांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं नव्हतं, मी बघितलं होतं. पण लिहिलेलं होतं शाईनं.